ट्रकला हेडर्स बसवताय? खोक्याची किंमत म्हणजे बिल नव्हे

हेडर्सच्या जोडीची किंमत ६४० डॉलर होती. माझा २०१४ चा शेवरोले सिल्व्हराडो वर्कशॉपमधून बाहेर आला, तेव्हा हातात २,०२५ डॉलरचं बिल होतं. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. काम देण्याआधी विचारायचे प्रश्न मी विचारले नव्हते, एवढंच. अमेरिकेत व्ही-८ पिकअप चालवणाऱ्या आणि हेडर्सचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी ते प्रश्न आणि सगळा हिशेब इथे देत आहे.

पुढचं काही वाचलं नाहीत तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, खोक्याच्या किमतीच्या तिप्पट रक्कम हाताशी नसेल तर काम सुरू करू नका. दोन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग, काढायला किंवा जागेवरून हलवायला कोणी सांगत असेल, तर त्या वर्कशॉपमधून बाहेर पडा.

आधी हे तपासा: तुम्हाला हेडर्स खरंच हवेत का?

कंपनीच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डच्या जागी प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा पाइप, म्हणजे हेडर. इंजिनातला धूर मोकळा बाहेर पडतो, ताकद थोडी वाढते, आवाज बदलतो. पण प्रत्येक ट्रकला आणि प्रत्येक गरजेला हे काम लागू पडत नाही.

तुमच्या ट्रकमध्ये टर्बो आहे का? फोर्ड एफ-१५० चं इकोबूस्ट, सिल्व्हराडोचं २.७ लिटर, रॅमचं ३ लिटर हरिकेन ही सगळी टर्बो इंजिनं आहेत. त्यांच्यासाठी बाजारातले नेहमीचे हेडर्स नाहीत. हा खर्च ज्यांना लागू पडतो ती इंजिनं म्हणजे फोर्डचं ५.०, जीएमचं ५.३ आणि ६.२, रॅमचं ५.७ हेमी आणि असेच इतर व्ही-८.

फक्त आवाज हवा आहे? मग हेडर्स नकोत. कन्व्हर्टरच्या मागचा भाग, म्हणजे कॅट-बॅक एक्झॉस्ट बदला. काम साधारण दोन तासांचं, कन्व्हर्टरला धक्का नाही, खर्च बराच कमी.

सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक आवाज येतो आणि इंजिन तापलं की थांबतो? ही बहुधा मॅनिफोल्डच्या तुटलेल्या बोल्टमधून होणारी गळती असते. जीएम आणि हेमी ट्रकमध्ये ती अगदी नेहमीची तक्रार आहे. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आणि ॲल्युमिनियमचं हेड तापताना-निवताना सारखे पसरत नाहीत. ताण टोकाच्या बोल्टांवर येतो आणि त्यांची डोकी उडतात. यावर उपाय बोल्ट आणि गॅस्केट बदलण्याचा. फक्त टिक-टिक थांबवण्यासाठी हेडर्स घेऊ नका.

शॉर्टी की लाँग-ट्यूब?

शॉर्टी हेडर मूळ मॅनिफोल्डच्याच जागेत बसतो आणि पुढच्या मूळ पाइपला जोडला जातो. कन्व्हर्टर जिथल्या तिथे राहतो. ताकदीत फरक थोडा, साधारण ५ ते १० एचपी. जोडी साधारण ४०० ते ८०० डॉलरला मिळते.

लाँग-ट्यूबचे पाइप लांब असतात, त्यामुळे पुढचा पाइपही बदलावा लागतो. फरक जास्त, ट्यूनसकट, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, साधारण १५ ते ३० एचपी. हेडर आणि जोडपाइप मिळून १,८०० ते ३,००० डॉलर. पण मूळ कन्व्हर्टर त्याच्या जागी राहत नाही, आणि कायद्याची अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

रोज कामावर नेण्याच्या, रस्त्यावरच्या ट्रकसाठी माझा सल्ला सरळ आहे. घ्यायचेच असतील तर मंजुरी असलेले शॉर्टी घ्या. लाँग-ट्यूब फक्त बंदिस्त ट्रॅकवर पळणाऱ्या ट्रकसाठी.

धातूकडेही बघा. रंग दिलेलं साधं स्टील सगळ्यात स्वस्त, पण रंग जळतो आणि गंज चढतो. न्यू जर्सीसारख्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यात ते घेऊच नका. ४०९ स्टेनलेसवर वरवरचा तांबूस गंज येतो, पण ते टिकतं. ३०४ स्टेनलेस महाग आणि सर्वांत टिकाऊ. सिरॅमिक कोटिंगसाठी साधारण २०० ते ३०० डॉलर जास्त धरा. बॉनेटखालची उष्णता कमी होते.

कायदा: खरेदीआधीची दहा मिनिटं

अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार प्रदूषण रोखणारा कोणताही भाग काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे. हा नियम वर्कशॉपला लागू आहे आणि तुम्हालाही. तुमच्या राज्यात तपासणी होत नसली तरी लागू आहे. खोक्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं लिहिलं असेल, तर तो माल रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी नाही, असा त्याचा अर्थ. शेताच्या कच्च्या रस्त्यावर चालवायला परवानगी, असा नव्हे.

कॅलिफोर्नियात नियम सर्वांत कडक. तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाची, म्हणजे ‘कार्ब’ची, मंजुरी असलेल्या भागाला ईओ नंबर असतो. त्याची सुरुवात ‘डी’ या अक्षराने होते. मंजुरी ब्रँडला नसते. ठरावीक वर्ष, मॉडेल आणि इंजिनसाठी त्या ठरावीक भागाला असते. त्यामुळे ‘५० राज्यांत कायदेशीर’ या शब्दांवर थांबू नका. कार्बच्या यादीत ईओ नंबर टाका आणि तुमच्या ट्रकचं वर्ष आणि इंजिन त्यात आहे का, ते डोळ्यांनी बघा.

कॅलिफोर्नियात स्मॉग चेक, म्हणजे प्रदूषण तपासणी, साधारणपणे दर दोन वर्षांनी असतो. आठ मॉडेल-वर्षांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांना त्यातून सूट आहे. ही सूट तपासणीपुरती, कायद्यापासून नाही. गाडी विकायला निघाल तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहील. तपासनीस बॉनेट उघडून बघतो आणि ईओचं लेबल शोधतो. ते लेबल खोक्यात सुटं येतं. बॉनेटखाली दिसेल अशा जागी लावणं तुमचं काम. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही तपासलं जातं. बदललेल्या ट्यूनला स्वतःचा ईओ नसेल, तर हेडर कायदेशीर असूनही गाडी नापास होते.

टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद झाली. मात्र ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन आणि एल पासो भागांतल्या ठरावीक काउंट्यांमध्ये एमिशन तपासणी चालूच आहे. न्यू जर्सीत सरकारी केंद्रावर तपासणी मोफत होते, पण चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर गाडी परत पाठवतात.

खर्च: ओळीने वाचा

शॉर्टीचा हिशेब साधारण असा. हेडर ४०० ते ८००. गॅस्केट आणि बोल्ट ६० ते १२०. मजुरी ५ ते ८ तास; तासाला १३० ते १८० डॉलर धरले तर ६५० ते १,४४०. वर सेल्स टॅक्स आणि वर्कशॉपचा किरकोळ सामानाचा आकार. एकूण साधारण १,२०० ते २,५०० डॉलर.

लाँग-ट्यूबसाठी सामान १,८०० ते ३,०००. मजुरी ८ ते १२ तास, म्हणजे १,०४० ते २,१६०. ट्यून ५०० ते ९००. एकूण साधारण ३,५०० ते ६,०००. मोठ्या शहरात वरचा आकडा धरून चाला.

माझ्या बिलातल्या ओळी अशा होत्या. हेडर ६४०. गॅस्केट आणि बोल्ट ८५. मजुरी सहा तास, तासाला १५०, म्हणजे ९००. दोन तुटलेले बोल्ट काढण्याचे २८०. किरकोळ सामान ६०. सामानावरचा टॅक्स ६०. तोंडी सांगितलेला आकडा होता ‘साधारण सोळाशे’. चारशेची वाढ झाली ती दोन बोल्ट, किरकोळ सामान आणि टॅक्स या तीन ओळींमुळे, आणि या तिन्ही गोष्टी आधी विचारता आल्या असत्या.

बिलात मागाहून येणाऱ्या गोष्टी

तुटलेले बोल्ट. माझ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचा सर्वांत मागचा बोल्ट, सातव्या सिलिंडरपाशी, आधीच बिनडोक्याचा होता. मेकॅनिकने आरसा धरून दाखवला: भोकात गंजलेला गोल तुकडा, पकडायला काहीच नाही. त्यावर नट वेल्ड करून, ताजं वेल्ड गरम असतानाच त्याने तो हळूहळू फिरवून काढला. दुसरा बोल्ट खोलतानाच तुटला. एका बोल्टचे १०० ते ३०० डॉलर होऊ शकतात. ड्रिल करावं लागलं किंवा हेडचा आटा खराब झाला तर त्याहून जास्त. गाडी उचलण्याआधी सगळे बोल्ट टॉर्चने मोजायला सांगा आणि प्रति बोल्ट दर लिहून घ्या.

ऑक्सिजन सेन्सर. जुना सेन्सर कधी निघत नाही, कधी निघताना आटा घेऊन येतो. अस्सल सेन्सर साधारण ५० ते १२० डॉलरला एक. लाँग-ट्यूबला वायर लांबवावी लागते. त्याचे ३० ते ६० वेगळे.

गॅस्केट. खोक्यात येणारं कागदी गॅस्केट पुढे गळतं आणि खोलायची मजुरी पुन्हा तुमच्याच माथी येते. कंपनीचं अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट आग्रहाने मागा.

प्लग आणि त्यांच्या वायरी. हेडर वायरीच्या जवळून जातो आणि रबर जळतं. उष्णतारोधक कव्हर २० ते ६० डॉलरचं. प्लग जुने असतील तर याच वेळी बदला. हात पोचायला जागा मोकळी असते, वेगळी मजुरी लागत नाही.

वेल्डिंग. पाइप नीट जुळला नाही तर मफलर शॉपमध्ये १५० ते ४०० डॉलर.

परत पाठवणं. चुकीच्या वर्षाचा हेडर आला तर विक्रेता साधारण १५ ते २० टक्के कापतो. जड खोक्याचं शिपिंग तुमच्याकडून. खोलून लावलेला हेडर बहुतेक कोणी परत घेत नाही.

या शॉर्टकटपासून लांब राहा

मागच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये २० डॉलरचा स्पेसर घालून चेक इंजिनचा दिवा बंद ठेवायचा, ही युक्ती बरेच जण सुचवतात. ट्यूनमध्ये मागचे सेन्सर ‘बंद’ करून देतो, असंही कोणी म्हणेल. दोन्ही बेकायदा आहेत, आणि पी०४२० किंवा पी०४३० हे कन्व्हर्टरच्या बिघाडाचे कोड पुढे खरोखर काही बिघडलं तेव्हा तुम्हाला दिसणारच नाहीत.

‘जुने कन्व्हर्टर आम्ही घेतो, तेवढी मजुरी कमी करू’ असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. कॅलिफोर्नियात सुट्या कन्व्हर्टरच्या खरेदी-विक्रीवर २०२३ पासून कडक नियम आहेत. शिवाय तपासणी, विक्री किंवा वॉरंटीसाठी गाडी मूळ रूपात आणायची वेळ आली, तर तोच भाग लागेल. कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा नवा कन्व्हर्टर घ्यायला गेलात तर एकाला हजाराच्या घरातही पैसे मोजावे लागतात. जुने मॅनिफोल्ड, बोल्ट, उष्णतारोधक पत्रे सगळं खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवा.

वर्कशॉपमध्ये जाताना काय न्यावं, काय विचारावं

गाडीचं रजिस्ट्रेशन. व्हिन नंबर, जीएमच्या ट्रकमध्ये त्याचं आठवं अक्षर इंजिन सांगतं. बॉनेटखालच्या एमिशन लेबलचा फोटो. ट्रक कॅलिफोर्नियाच्या मानकाचा आहे की फेडरल, ते त्यावर असतं. ईओ नंबर आणि त्याचं पत्र. वॉरंटी पुस्तिका.

हे प्रश्न विचारा. मजुरी ठरावीक की तासावर? किती तास धरलेत? या इंजिनवर याआधी हेच काम केलंय का? बोल्ट तुटला तर दर काय, आणि काम थांबवून फोन कराल का? किरकोळ सामानाचा आकार किती टक्के, वरची मर्यादा काय? १०० मैलांनंतर बोल्ट पुन्हा आवळून देणं यात धरलंय का? गळती निघाली तर किती दिवसांची हमी? सामान मी आणलं तर मजुरीची हमी राहते का? शेवटचा प्रश्न विसरू नका. बरीच वर्कशॉप्स ग्राहकाने आणलेल्या सामानावर हमी देत नाहीत आणि मजुरीही जास्त लावतात. अशा वेळी त्यांच्याकडूनच हेडर घेणं शेवटी स्वस्त पडू शकतं.

अंदाजपत्रक लेखी घ्या. कॅलिफोर्नियात तो तुमचा हक्क आहे. तुमच्या संमतीशिवाय वर्कशॉपला त्यापेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि काम देतानाच सांगितलंत तर काढलेले जुने भाग परत मिळतात.

किती वेळ, कधी

शॉर्टीसाठी एक दिवस. बोल्ट तुटले तर दोन. लाँग-ट्यूब आणि ट्यून मिळून तीन ते चार दिवस गाडी सोडायची तयारी ठेवा. दुसरी गाडी नसेल तर भाड्याच्या गाडीचा खर्चही हिशेबात धरा.

रजिस्ट्रेशन संपायला महिना उरलेला असताना हे काम करू नका. बॅटरी काढली किंवा कोड पुसले की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या शून्यावर येतात. शहर आणि हायवे मिळून काही दिवस गाडी चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. तोवर स्मॉग चेकला गेलात तर परत यावं लागतं आणि फी वाया जाते.

स्वतः करणार असाल तर

मजुरीचे हजारभर डॉलर वाचतील, पण शनिवार-रविवार दोन्ही जातील. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. जॅक-स्टँड चार, जमीन सपाट. इंजिन पूर्ण गार हवं. आदल्या रात्री बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. बोल्ट अडला तर ताकद लावू नका; थोडा सैल, थोडा घट्ट असं मागे-पुढे करत काढा. हेडचा पृष्ठभाग साफ करा, पण ॲल्युमिनियम खरवडू नका. नवे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. आकडा हेडरच्या सूचनापत्रकातलाच घ्या. अँटी-सीझ सेन्सरच्या आट्यालाच लावा, टोकाला नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आणि जळका वास येईल. ते हातांचं तेल आणि कोटिंग. गॅरेजचं दार उघडं ठेवा, किंवा गाडी सरळ बाहेरच आणा. दहा-पंधरा मिनिटांनी धूर थांबला नाही किंवा टिक-टिक ऐकू आली, तर इंजिन बंद करून गळती शोधा. १०० मैल झाले की गार इंजिनवर बोल्ट पुन्हा तपासा.

वॉरंटी, विमा, लीज

‘हेडर्स लावलेत, वॉरंटी संपली’ असं डीलर सरसकट म्हणू शकत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावं लागतं. पण इंजिनच्या ट्यूनचं तसं नाही. बदललेलं सॉफ्टवेअर डीलरच्या यंत्रावर दिसतं, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या बिघाडाचं बोट त्याच्याकडे दाखवणं त्यांना सोपं जातं. कन्व्हर्टर आणि इंजिनच्या मुख्य कॉम्प्युटरवर ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची फेडरल एमिशन वॉरंटी असते. ती चालू असताना त्या भागांना हात लावणं म्हणजे हातातलं संरक्षण घालवणं.

विमा कंपनीला लेखी कळवा आणि बाहेरून लावलेल्या भागांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागेल का, ते विचारा. ट्रक लीजवर असेल तर हे काम करूच नका.

गावाकडे कोणाकडे टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस असेल आणि ‘तिकडून हेडर्स पाठव’ असा फोन आला, तर नाही म्हणा. दोन्ही टर्बो डिझेल आहेत, हे हेडर्स त्यांना बसत नाहीत. शिवाय भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाने केलेल्या बेकायदा फेरबदलाला, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पैसे देण्याआधी शेवटची नजर

ईओ नंबर तुमच्या वर्षाशी आणि इंजिनशी जुळतो. अंदाजपत्रक लेखी आहे. बोल्टचा दर त्यात आहे. कन्व्हर्टर जागेवरच राहणार आहे. जुने भाग परत मिळणार आहेत. रजिस्ट्रेशनला अजून दोन महिने तरी आहेत.

सहाही गोष्टींना ‘हो’ असेल तर चावी द्या. एकीला जरी ‘बघू, होईल’ असं उत्तर मिळालं, तर चावी खिशात ठेवा. हेडर्स पुढच्या महिन्यातही मिळतील. हलवलेल्या कन्व्हर्टरचा आणि तुटलेल्या बोल्टचा खर्च मात्र तुम्हालाच भरावा लागेल.